काकांच्या तीन पायऱ्या

"नियमात बसते का ते?" असं विचारताना काका चष्मा कपाळावर चढवत आणि समोरच्याकडे असं बघत, की आपण काहीतरी चोरून नेत होतो असं आपल्यालाच वाटावं. चंडीगडला नवा मराठी माणूस आला, की काका त्याला जेवायला बोलवत; मलाही असंच बोलावलं होतं. आधी घर दाखवलं जाई, मग पानं वाढली जात. उघड्या विटांचं, रांगेतलं दुमजली घर, शहर वसलं तेव्हाचं. विद्यापीठातून निवृत्त झाल्यावर ही सगळी रांग हेरिटेज यादीत यावी म्हणून काकांनी ऑफिसांचे उंबरे झिजवले होते.

शेजारचे सरदारजी दारापुढच्या पायऱ्यांना संगमरवर लावायला निघाले, तेव्हा लेखी हरकत घेणारे काकाच. "जोत्याला, पायऱ्यांना हात लावायचा नाही," हा नियमही त्यांनीच हेरिटेज समितीच्या मागे लागून करून घेतला. सरदारजी वर्षभर बोलले नाहीत. तुम्हालाही असा एखादा शेजारी भेटला असेलच. आपण त्याच्या नावानं बोटं मोडतो, आणि गल्ली नीटनेटकी राहते ती त्याच्यामुळेच.

मग काकूंना अर्धांगवायू झाला. चाकांची खुर्ची आली, पण दाराबाहेर तीन पायऱ्या. मागच्या अंगणात थंडीभर सूर्य फिरकत नाही, ऊन सगळं समोरच्या हिरवळीवर. काकूंचं मागणं एकच होतं, उन्हात बसायचं. खुर्ची रोज उचलणं सत्तरीतल्या काकांच्याने होईना, आणि कुणाला मदतीला बोलावतील तर शपथ! मी आर्किटेक्ट, म्हणून पायऱ्यांवर उतार करायचे नकाशे माझ्याकडे आले. अर्ज चार वेळा परत आला. चौथ्या वेळी समितीने जोत्याचा तोच नियम दाखवला आणि सोबत काकांच्या जुन्या हरकतीची प्रत जोडली.

माझं डोकंच फिरलं. उचलून ठेवता येईल असा प्लायवूडचा उतार करून मी थेट दारात नेऊन टाकला. काकांचा चष्मा कपाळावर गेला.

"नियमात बसते का ते?"

"काका, काकू आत कुढताहेत!"

"मले समजत नाही का? पण सरदारजीले काय तोंड दाखवू?"

सरदारजी कुंपणापलीकडेच उभे होते. "ओ प्रोफेसर साब, रख लो यार! मैं कुछ नहीं बोलूँगा."

काकांनी उतार तरीही परत पाठवला. त्या दिवशी मला त्यांचा मनापासून राग आला. अजूनही येतो.

दुसऱ्या थंडीत त्यांनी मोहालीत लिफ्टवाला फ्लॅट घेतला. घर सोडायच्या सकाळी सामान उचलणाऱ्या चौघांनी काकूंना खुर्चीसकट पायऱ्यांवरून खाली आणलं. हिरवळीवर येताच ऊन तोंडावर आलं.

"थांबा न जरा," काकू म्हणाल्या. "काहून घाई करून राहिले?"

ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. "रुको यार!" काका त्याच्यावर ओरडले आणि काकूंच्या पायाशी गवतावर बसले. काकूंनी चांगल्या हाताने स्वेटरची वरची दोन बटणं काढली आणि डोळे मिटून घेतले. काका त्या तीन पायऱ्यांकडे बघत रडत होते.