शेरडांच्या वाटेनं

माझं शिक्षण चौथी, तेबी मास्तर दयाळू होते म्हणून. पण डोंगर चढायच्या बाबतीत मला कुणी शिकवायला येऊ नये. आलं तरी मी ऐकणार न्हाई.

हा नाद ऊसतोडीत लागला. आमच्या फडातून एक सुळका दिसायचा अन् शहरातली पोरं दोर लावून त्याच्यावर चढायची. एका सुट्टीला मीबी त्यांच्या मागं गेलो. तेव्हापासून लोक आगाऊ उचल किती मिळती ते बघून मुकादम धरायचे, अन् मी फडातून डोंगर दिसतो का ते विचारून. मुकादम माझ्या बायकोला म्हणायचा, "वहिनी, याला दवाखान्यात दाखवा."

"दाखवलं. डॉक्टरलाबी घेऊन चालले होते डोंगरावर."

ऊसतोड सुटली, डोंगर न्हाई सुटला. आमच्या गावामागं, लिंबागणेशच्या अंगाला, एक कडा हाय. दर साली सुगी झाली की मी तो समोरून चढतो. मागून शेरडांची वाट हाय. बायका डोक्यावर गवताचा भारा घेऊन तिनं ये-जा करतात. त्या वाटेला मी जन्मात पाय लावला न्हाई. ज्या दिवशी लावीन त्या दिवशी मी म्हातारा झालो समजा, असं गावभर सांगून ठेवलं होतं. कुणी विचारलं नव्हतं.

चौसाळ्याचा माझा दोस्त गाड्यांचा मेस्त्री हाय. कड्यात ठोकायच्या खुंट्या त्यानंच ट्रकच्या जुन्या पाट्यांच्या करून दिल्यात. एकदा चहा पिताना तो म्हणाला, "अबे, तू वरून सोडलेला दोर धरून चढतोस. तो वर बांधतं कोण?"

"बायको."

"ती कशी जाती?"

"मागून."

"म्हणजे दर साली भाभी तुझ्या आधी पोचती?"

मी अर्धा चहा तसाच ठेवून उठलो.

पण गोष्ट खरी. वरच्या लिंबाला दोर तीच बांधायची. उसाची मोळी बांधतात तसा: दोन फेरे, पीळ, अन् गुडघा देऊन आवळायचं. त्या गाठीवर मी डोळे झाकून लटकतो. दुसऱ्या कुणाच्या गाठीवर मी धोतरबी वाळत घालणार न्हाई.

यंदा ती म्हणाली, "मला न्हाई जमायचं."

"कावून?"

तिनं हात पुढं केला. कोयता धरून वाकडी झालेली बोटं आता मिटतच नव्हती. "पीळ कसा द्यायचा ते मी सांगते. आवळायला तुमी चला. मागून."

दोन दिवस मी तिच्याशी बोललो न्हाई. तिनं ते ओळखलंबी न्हाई, म्हणून मीच बोललो. एकट्यानं बांधावं म्हणलं तर मोळ्या कायम तिनं बांधलेल्या, मी नुसता तोडायचो. अन् दोराशिवाय चढावं इतका मी येडा न्हाई.

कुणी बघायच्या आत जाऊ म्हणून दिवस उगवताच निघालो. नेमक्या दोन गवतवाल्या वाटेत भेटल्या.

"आज इकडून, आजोबा?"

"शेरडू हरवलंय."

"तुमच्याकडं शेरडं हायेत कुठं?"

बायको पदर तोंडाला लावून पुढं गेली.

वर पोचल्यावर ती सांगत गेली, मी दोर वळत गेलो. "आता गुडघा द्या."

"गुडघाच तर न्हाई राहिला."

"मग दोघांचा मिळून एक देऊ." तसा दिला. गाठ बसली.

मी त्याच वाटेनं खाली उतरलो अन् समोरून चढायला लागलो. कड्याचं पोट जिथं बाहेर येतं तिथवर गेलो. पुढच्या खुंटीवर पाय ठेवायचा होता. पाय उचलंना. पुन्हा बघितलं, पुन्हा उचलंना.

वरून आवाज आला, "थांबलात कावून?"

"बघतोय."

"काय?"

"डोंगर."

"तो कुठं जात न्हाई. तुमी तुमचं बघा."

दोर धरून हळूहळू खाली आलो. गाठ तसूभरबी सरकली न्हाई. सरकली असती तर सगळा दोष गाठीवर टाकता आला असता.

आता वरची गाठ सोडायची होती, अन् तिची बोटं तर तशी. शेरडांच्या वाटेनं परत वर गेलो. वाट लई दमवती, हे कुणी सांगितलं नव्हतं. लिंबाखाली तिनं भाकरी मोडून ठेवली होती.

"आधी खावा," ती म्हणाली, "मग सोडू." कड्याचं नाव तिनं काढलं न्हाई.

पुढच्या बाजाराला मेस्त्रीनं विचारलं, "काय बे, यंदा वर गेलतास का?"

"दोनदा," मी म्हणालो, अन् चहा पूर्ण पिऊनच उठलो.