अडतीस श्वास

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. वर्ध्याच्या एका मोठ्या दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात मी स्टाफ नर्स होते, नोकरीचं चौथं वर्ष. सिंदी मेघेला एक खोली भाड्याने घेतली होती आणि सायकलने ड्युटीला यायची.

आधी एक कबुली देते. तेव्हा वॉर्डात नाडी मोजायचो, ताप मोजायचो, बी.पी. घ्यायचो, पण श्वास कुणी मोजत नसे. तक्त्यात श्वासाच्या रकान्यात सगळ्या पेशंटपुढे 'वीस' लिहायचो, निरोगी माणसाला शोभेल असा मिनिटाचा आकडा. मला शिकवणाऱ्या सिस्टर तसंच लिहायच्या, मीही तसंच लिहिलं. चार वर्षं.

एका सकाळी अकराच्या सुमारास आर्वीकडच्या जंगलातल्या गावाहून एक गोंड बाई भरती झाली. वय वीस-बावीस. सहा दिवसांपूर्वी घरीच बाळंत झालेली. बरोबर सासू, आणि सासूच्या काखेत लुगड्यात गुंडाळलेलं बाळ. आमच्या निवासी डॉक्टरांनी भरती करतानाच तिला पाहिलं होतं. ताप नव्हता, उलट अंग गारच लागत होतं. "बाळंतपणात रक्त गेलंय, अशक्तपणा आहे. सलाईन लावा, मी ओपीडी आटोपून येतो," असं सांगून ते खाली गेले. चूक म्हणावी असं त्यात काही नव्हतं. तिच्यासारख्या फिकट पडलेल्या बाळंतिणी आम्ही रोजच बघत होतो.

मी सलाईन लावत होते तेव्हा सासू माझ्या कोपराला हात लावून म्हणाली, "बाई, ते मले ओळखूनच नाई राह्यली."

"थकली असेल, माय."

"थकली नाई. सकाळी मले म्हने, तू कोन व्हय? आन् पाय ना, कशी धापून राह्यली. कोठी चालली नाई का पळाली नाई, मंग काऊन धापते?"

मी सुनेच्या पोटावर हात ठेवला, घड्याळाकडे बघितलं आणि पूर्ण एक मिनिट मोजलं. अडतीस. माझंच चुकलं असेल म्हणून परत मोजलं. तेवढेच. नाडी एकशे तीस, बी.पी. वरचं ऐंशी. चादर बाजूला केली तर जाणाऱ्या रक्ताला घाण वास येत होता.

मी जिना उतरून ओपीडीत गेले. डॉक्टरांपुढे रांग होती. मी थेट टेबलापाशी गेले.

"डॉक्टर, अडतीस आहे."

"काय अडतीस?"

"श्वास. दोनदा मोजलाय. बी.पी. ऐंशी, भान नाही, आणि अंगावरून जातंय त्याला वास आहे."

लिहिता लिहिता पेन तसंच टाकून ते उठले. जिन्यावर माझ्यापुढे दोन पायऱ्या होते. "ताप नाही म्हणून मी फसलो," ते म्हणाले. "हा सेप्सिस आहे, जंतुसंसर्ग रक्तात भिनलाय. शरीर इतकं हरलंय की त्याला तापही येत नाहीये."

पुढचा तासभर आम्ही दोघं बोललो ते फक्त कामापुरतं. आधी कल्चरसाठी, म्हणजे कोणता जंतू आहे ते शोधायला, रक्त काढलं. नातेवाईक औषध आणेपर्यंत थांबायचं नाही, असं ठरवून वॉर्डच्या कपाटातलं अँटिबायोटिक मी तिथल्या तिथे दिलं. दुसऱ्या हातालाही सलाईन, ऑक्सिजन, लघवीची नळी. दर तासाला पिशवीत किती लघवी जमते ते लिहायचं होतं. पहिल्या तासात जवळपास काहीच नाही, म्हणजे मूत्रपिंडं बंद पडत चालली होती. मी पुन्हापुन्हा वाकून पिशवीकडे बघत होते. बाळंतपणाच्या विभागातल्या डॉक्टर आल्या, त्यांनी तपासलं. वारेचा तुकडा आत राहून गेला होता, त्यातून विष रक्तात पसरत होतं. दुपारी तिला ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन तो काढला. माझी ड्युटी दोनला संपली होती. मी घरी गेले नाही. संध्याकाळी पिशवीत पिवळी लघवी दिसली तेव्हा मी सासूला खुणेनेच सांगितलं, सुधारतेय.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाईने डोळे उघडले, सासूकडे बघून ती गोंडीत काहीतरी बोलली. मी विचारलं, काय म्हणते?

"म्हनते, पोरगी रडून राह्यली, दे इकडं."

त्या दिवशीच्या राउंडला आमच्या विभागप्रमुख डॉक्टरांनी, मोठ्या मॅडमनी, तक्ता हातात घेतला. "अडतीस कोणी लिहिलं?" मी पुढे झाले. त्यांनी दुसरे तक्ते उलटले. "मग बाकी सगळ्यांचे वीस कसे?"

मी म्हटलं, "त्यातले बरेच मी लिहिलेत, मॅडम. न मोजता."

मला वाटलं, आता ऐकावं लागणार. मॅडम म्हणाल्या, "उद्यापासून सगळ्यांना मोजायला तुम्ही शिकवा. इंटर्नना पण." आणि मी शिकवलं. पुढे दोन हजार सालानंतर श्वास मोजणारे मॉनिटर आले, तरी नवीन मुलींना मी आधी पोटावर हात ठेवायला लावायची. किती जणी शिकून गेल्या याचा हिशोब नाही, पण त्यातल्या दोघी-तिघींनी नंतर येऊन सांगितलं की सिस्टर, आज मोजलं म्हणून पेशंट वेळेत कळला. तेव्हा ऊर भरून यायचा, का लपवू?

बारा दिवसांनी ती बाई लेकीला घेऊन पायी चालत वॉर्डाबाहेर पडली. त्या रविवारी मी हिंगणघाटला घरी गेले. बाबांचं कापडाचं दुकान. मी नर्स झाले हे त्यांना कधी रुचलं नव्हतं. दुकानात कुणी विचारलं तर 'वर्ध्याले नोकरी करते' एवढंच सांगायचे. मी सगळं सांगितलं. ते कापडाचं थान गुंडाळत ऐकत राहिले. तेवढ्यात एक ओळखीचं गिऱ्हाईक आलं. बाबांनी हातातलं थान खाली ठेवलं.

"हे माही मोठी पोरगी," ते म्हणाले. "सिस्टर हाय दवाखान्यात. बस, तुले सांगतो काय केलं तिनं ते."