सात घरांचा रस्ता

भोरला शाळामास्तर म्हणून लागल्यावर चार वर्षांनी मी गावाबाहेर घर बांधलं. जागा एका लाकडाच्या व्यापाऱ्याकडून घेतली होती. त्यानं आपलं शेत मोडून त्याचे तुकडे पाडले आणि आम्हां सात जणांना विकले. खरेदीखतात वीस फुटी रस्ता करून देण्याचं स्पष्ट लिहिलेलं होतं. त्यानं रस्ता केलाही, पण स्वतःच्या वखारीपर्यंत. तिथून आमच्या घरांपर्यंत नुसतं खोदून ठेवलं. खडी काही आली नाही. पावसाळ्यात त्या खोदलेल्या पट्ट्यात गुडघाभर पाणी साचायचं आणि आम्ही धोतरं वर खोचून शाळेला, बाजाराला जायचो.

मी अर्ज लिहिला. अक्षर माझं चांगलं, भाषाही चांगली, आणि त्या दोन्हींचा मला तेव्हा गर्व होता. नगरपालिकेचं उत्तर आलं की रस्ता खासगी आहे, मालकानं पुरा करून दिल्यावर ताब्यात घेऊ. मालकाकडे गेलो, तर तो पानाला चुना लावत म्हणाला, "मास्तर, जागा विकली त्या दिवशी माझा संबंध संपला. रस्ते बघणं नगरपालिकेचं काम."

हाच गृहस्थ नगरपालिकेचा सभासद होता. सभेत बसून 'मालकानं रस्ता पुरा करावा' या ठरावाला हात वर करायचा आणि घरी येऊन मालक म्हणून तो ठराव कोनाड्यात टाकायचा. त्याला याची लाज वाटलेली मी कधी पाहिली नाही. ओव्हरसिअर एकदा बघायला आला, तो बूट भिजतील म्हणून वखारीपाशीच थांबला आणि तिथूनच 'पाहणी केली' असं लिहून चहा पिऊन गेला. असल्या माणसांना मी तीन वर्षं 'विनंती विशेष' लिहीत राहिलो. त्यांच्याइतकाच मीही नालायक होतो.

माझ्या शेजारी भोंगवलीचा एक गाडीवान राहायचा. वयानं मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणायचो. एका भादव्यात तो आंबवड्याहून भाडं घेऊन परत येत होता. पाण्याखालचा खड्डा दिसला नाही. डावीकडच्या बैलाचा पाय आत गेला आणि गाडीचं ओझं त्यावर आलं. आम्ही धावलो तेव्हा बैल चिखलात बसला होता आणि दादा त्याच्या मानेला मिठी मारून होता. पाय मोडला होता. आठ दिवस त्यानं बैलाला उशापायथ्याशी बसून सांभाळलं. नवव्या दिवशी बैल गेला.

मी म्हणालो, "दादा, मी आजच कडक अर्ज लिहितो."

"नगा ल्ह्यू, मास्तर," तो शांतपणे म्हणाला. "तुमी लई ल्ह्यलं. आता आमी दगड आनतो."

दिवाळीनंतर त्यानं भावाचा बैल मागून आणला आणि नीरेच्या काठावरून दगड, टेकडीवरून मुरूम वाहायला सुरुवात केली. पहिले चार दिवस आम्ही सगळे खिडकीतून बघत होतो. पाचव्या दिवशी माझी बायको पाटी घेऊन बाहेर पडली, तेव्हा मला बाहेर पडावंच लागलं. संक्रांतीपर्यंत सातही घरं राबली. माझ्या हातांना फोड आले. रस्ता झाला.

आणि मग नोटीस आली. दादाच्या नावानं. 'सार्वजनिक रस्त्यात विनापरवाना भर टाकून रहदारीस अडथळा केल्याबद्दल' हजर व्हा. मी ती त्याला वाचून दाखवली. त्यानं एकच शब्द पुन्हा वाचायला लावला.

कचेरीत मी बरोबर गेलो. व्यापारी सभासदांच्या खुर्चीत होताच. दादा हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "साह्येब, ह्यात सार्वजनिक ल्ह्यलंय. म्हंजे रस्ता तुमचाच. मंग माजा बैल तुमच्या खड्ड्यात मेला, व्हय ना?"

ओव्हरसिअर कागद चाळू लागला, व्यापाऱ्यानं खिडकीबाहेर पाहिलं. शेवटी अध्यक्षांनी घसा साफ करून सांगितलं, "प्रकरण दप्तरी दाखल." दंड नाही, भरपाई नाही, एक शब्द दिलगिरीचा नाही. कागद गठ्ठ्यात गेला आणि ते सगळे सुटलो म्हणून सुपारी कातरायला लागले.

त्या उन्हाळ्यात नगरपालिकेनं रस्ता ताब्यात घेतला. तयार रस्ता कोण सोडतं? तोरण बांधलं, त्याच व्यापाऱ्यानं नारळ फोडला आणि त्याच्या वडिलांच्या नावाची पाटी लागली. भाषणात 'लोकसेवा' हा शब्द इतक्यांदा आला की मी मोजणं सोडलं. दादाला बोलावणं नव्हतं. तो शिवऱ्याला भाडं घेऊन गेला होता.

संध्याकाळी परतल्यावर त्यानं पाटीपाशी गाडी थांबवली. "मास्तर, काय ल्ह्यलंय हितं?"

मला सांगायची लाज वाटत होती. तरी सांगितलं.

तो हसला. "बरं झालं. आता खड्डा पडला तर शिव्या कुनाच्या बापाला द्यायच्या, त्ये तरी म्हाईत झालं."

बैलांना चुचकारून तो घरी गेला. त्यानंतर मी नगरपालिकेला एकही अर्ज लिहिला नाही.