सालोंगो आणि कोंबड्याचा डोळा

सालोंगो फोटो काढताना ‘तीन’ म्हणत नाहीत. दोनवरच बटण दाबतात. माणसं तीनला डोळे मिटतात, असं त्यांचं म्हणणं.

लेन्स शर्टाच्या आतल्या बाजूनं पुसतात. बाहेरची बाजू नाकासाठी.

पासपोर्टच्या फोटोला आलेल्या गिऱ्हाइकाला आधी विचारतात, “जेवलास का?” उपाशी माणसाचा चेहरा लांबट येतो.

कॅमेऱ्याच्या पिशवीत एक उकडलेलं अंडं असतं. नेहमी.

मयताचा फोटो काढतानाही “हलू नका” म्हणतात. सवयीनं.

चष्मा आहे. तो खिशात असतो. “फोटोग्राफरनं चष्मा लावणं म्हणजे न्हाव्यानं टक्कल दाखवणं,” म्हणतात.

आणि निर्णय घ्यायचा असला की वही काढतात. मधोमध रेघ मारतात. डावीकडे ‘हो’, उजवीकडे ‘नको’. मग वही मिटून ठेवतात.

त्यांचं खरं नाव पोन्सियानो कालुले. पण जुळ्यांच्या बापाला आमच्याकडे नावानं कोण हाक मारतो? ते सालोंगो, बायको नालोंगो. कासांजेच्या बाजारात त्यांचा फोटो स्टुडिओ आहे, आणि त्याच्या मागच्या खोलीत मी भाड्यानं राहते. शाळेत साहित्य शिकवते. सालोंगो मला मास्तरीणबाई म्हणतात आणि सगळं सांगतात.

तीन वर्षं ते एकच गोष्ट सांगत होते. फुल-फ्रेम.

एकदा चपातीच्या गाडीवर त्यांनी मला ती समजावली. चपातीची घडी घातली. “हा आपला कॅमेरा.” घडी उलगडली. “हा फुल-फ्रेम. आतला सेन्सर एवढा मोठा. प्रकाश किती मावेल, विचार कर.” मग फुल-फ्रेम खाऊन टाकला.

वहीत डावीकडे लिहिलं होतं: सेन्सर मोठा. अंधारातही दिसतं. मागचं सगळं धूसर होतं, माणूस उठून दिसतो. कंपालाचे फोटोग्राफर ‘सर’ म्हणतील.

उजवीकडे: जड. नालोंगो. नालोंगो.

या तीन वर्षांत मी पदवी घेतली, नोकरी धरली, एक ठरलेलं लग्न मोडलं. सालोंगोंचं ‘विचार करतोय’ चालूच होतं.

मग काटेंडे आला.

काटेंडे माबांबाच्या दलदलीत होडी वल्हवतो. पाहुण्यांना पक्षी दाखवतो. मुख्य म्हणजे बुल्वे, तो बुटाएवढ्या चोचीचा. एका म्हाताऱ्या पाहुण्यानं जाताना आपला फुल-फ्रेम कॅमेरा त्याला देऊन टाकला होता. आता काटेंडेचे गुडघे पाण्यानं धरले होते. त्याला रस्त्यावरचा, भाड्यानं माणसं पोचवायचा धंदा हवा होता. आणि सालोंगोंकडे मोटारसायकल होती.

“अदलाबदल करू,” काटेंडे म्हणाला. “शनिवारी वापरून बघ. रविवारी संध्याकाळी एक तर किल्ली दे, नाहीतर कॅमेरा परत दे. सोमवारी एंटेबेचा एक जण बघायला येतोय.”

“विचार करतो,” सालोंगो म्हणाले.

“रविवारपर्यंत कर.”

नालोंगो दारात उभ्या होत्या. “अहो, मोटारसायकल दिल्यावर कार्यक्रमांना जाणार कशावर? कॅमेऱ्यावर बसून?”

“फुल-फ्रेम आहे गं.”

“मग मागे जुळ्यांनाही बसवा. आणि ज्यानं जन्मभर बुल्वेचंच तोंड बघितलं, तो कॅमेरा घरात नको. अपशकुनी.”

शनिवारी मुलुम्बांच्या मुलीचा, प्रोस्कोवियाचा, क्वांजुला होता. म्हणजे नवरदेवाकडची मंडळी वाजतगाजत येतात, मुलगी त्यांची ओळख करून देते, मानपान होतो. मुलुम्बा निवृत्त शाळा तपासनीस. त्यांना आणखी चार मुली. फोटो आवडले तर चार कार्यक्रम हातात. बिघडले तर अख्ख्या कासांजेत नाव खराब.

“मग जुनाच कॅमेरा न्या ना,” मी म्हटलं.

“मास्तरीणबाई,” सालोंगो म्हणाले, “मग मला कळणार कधी?”

मी फ्लॅश धरायला जायचं कबूल केलं.

तर शनिवार. दोन तंबू समोरासमोर. एकात मुलीकडचे, एकात मुलाकडचे, मध्ये गवत. नवरदेवाची माणसं मितियानाहून आलेली. रांगेनं आत आली. साखरेची पोती, सोड्याचे क्रेट, मटणाचा आख्खा मागचा पाय, पाव, काड्यापेट्या. आणि सजवलेल्या टोपलीत कोंबडा. वर केळीचं पान, पानातून नुसतं डोकं बाहेर.

कोंबडा हा मुलीच्या भावाचा मान. तो भावानं हातात घेतला की लग्न मानलं. बाकी सगळं आणलं आणि कोंबडा नसला, तर काहीच आणलं नाही.

भाऊ किवुम्बी. त्यानं टोपलीतून कोंबडा उपसला, डोक्यावर धरला आणि नाचला. तंबू दणाणले. सालोंगो गुडघ्यावर बसले. कॅमेऱ्यातून पिक-पिक आवाज येत होता.

“ऐकलंस?” ते मला म्हणाले. मी फ्लॅश धरून उभी होते. “हिरवी चौकट आपोआप पळते. डोळा शोधते! मी काही करतच नाही.”

“कुणाचा डोळा?”

“ज्याचा समोर येईल त्याचा.”

नंतर किवुम्बीनं कोंबडा पुढ्यातच खुंटीला बांधला. दुपारभर तो जवळजवळ प्रत्येक फोटोत होता. सालोंगोंनी नवरीला काढलं, मुलुम्बांना काढलं, फणसाखाली साठ नातेवाइकांना एकत्र उभं केलं आणि दोनवर बटण दाबलं. चष्मा खिशात होता. मागच्या पडद्यावर त्यांना रंग दिसत होते. रंग सुंदर होते.

चार वाजता जनरेटरवर छपाईयंत्र सुरू झालं. फोटो छापायचे, दोरीला चिमट्यानं लावायचे, लोक निवडून घेतात. सालोंगो लावत गेले. लोक जमत गेले.

मग जो तो स्वतःला शोधायला लागला.

पहिल्या फोटोत कोंबडा होता. पीस न् पीस मोजता येईल असा. त्याच्याखाली शेवाळलेल्या दगडासारखं काहीतरी होतं. ते किवुम्बीचं तोंड.

दुसऱ्या फोटोत कोंबडा. मागे गुलाबी धुकं. ती प्रोस्कोविया.

तिसऱ्यात कोंबडा. चौथ्यात कोंबडा जांभई देताना. कोंबडा जांभई देतो हे मला माहीत नव्हतं.

साठ नातेवाइकांच्या फोटोत कोंबड्याला साठ जणांनी झाकलं होतं. पण वर फणसावर एक मराबू करकोचा बसला होता. टकला, गळ्यात पिशवी लोंबणारा. तो इतका स्पष्ट होता की त्याच्या मानेवरची लव दिसत होती. खाली साठ नातेवाइकांची भाजी.

मी एक फोटो जवळून पाहिला. कोंबड्याच्या डोळ्यात तंबू दिसत होता. तंबूत आम्ही सगळे बसलेलो दिसत होतो. त्या दिवशी माणसं नीट आली ती तेवढ्याच जागी.

“सालोंगो,” किवुम्बी म्हणाला, “माझं डोकं कुठेय?”

“धूसर केलंय. कलात्मक.”

“लग्न कोंबड्याचं होतं का रे?” मागून कुणीतरी ओरडलं. “नवरी कोण, करकोची?”

सालोंगोंनी चष्मा काढला. लावला. दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. चष्मा पुन्हा खिशात ठेवला. पिशवीतलं अंडं काढलं आणि सोलायला लागले. मला चार मुली दिसत होत्या, एकामागून एक, दुसऱ्या फोटोग्राफरकडे जाताना.

तेवढ्यात नवरीची आत्या घरातून बाहेर आली. दुपारभर ती आत नवरीचे कपडे बदलण्यात होती. तिनं पहिला फोटो पाहिला. पुढे झाली. नाक फोटोला टेकवलं.

“हा माझा आहे.”

“काय तुझं, आत्या?” किवुम्बी म्हणाला.

“कोंबडा! तुऱ्याला तीनच दात. चौथा मांजरानं नेला. आणि पायाला ही निळी चिंधी बघ. माझ्या जुन्या झग्याची आहे. मी सकाळी याला दाणे टाकलेत!”

सगळे खुंटीकडे वळले. कोंबड्यानं आत्याला ओळखलं. धावत निघाला, दोरी ताणली आणि पडला.

नवरदेवाकडचा बोलणारा माणूस, दिवसभर म्हणीवर म्हणी फेकणारा, आता जमिनीकडे बघत होता.

“आमचा कोंबडा निघाला होता,” तो म्हणाला. “वाटेत भाजकी केळी घ्यायला थांबलो. तोही उतरला. परत चढला नाही.”

“मग?”

“मग इथं वळणावरच्या घरी एक दिसला. चोरला नाही हो! विकत घेतला. पिवळ्या शर्टातल्या गड्याकडून.”

“तो गडी नव्हे,” आत्या म्हणाली. “तो माझा नवरा. कंबर धरलीय म्हणून आला नाही.”

हसू एका तंबूतून सुरू झालं आणि दुसऱ्यात गेलं. किवुम्बी हसत नव्हता. आपल्याच आत्याचा कोंबडा डोक्यावर घेऊन तो अर्धा तास नाचला होता.

मुलुम्बा उठले. तपासनिसासारखेच, सावकाश.

“म्हणजे आमचंच आम्हाला दिलंत,” ते म्हणाले. “हा मान धरला जाणार नाही. पुढच्या शनिवारी नवा कोंबडा आणा. मितियानाचाच. आणि सालोंगो, फोटो याच कॅमेऱ्यानं काढायचा. याच्यापुढे कुणाचं खोटं टिकत नाही.”

सालोंगोंच्या तोंडात अख्खं अंडं होतं. त्यांनी मान हलवली.

“मात्र माणसं दिसली पाहिजेत. निदान माझा मुलगा. तुम्हाला न्यायला गाडी पाठवतो. उरलेल्या चौघींचं त्यानंतर बघू.”

रविवारी संध्याकाळी आम्ही दलदलीच्या काठी गेलो. सालोंगो, मागे नालोंगो, त्यांच्यामागे मी, एकाच मोटारसायकलवर. काटेंडेनं फोटो पाहिले आणि होडीत आडवा होऊन हसला.

“पक्ष्यांवर लावून ठेवलाय तो. कोंबडा पक्षीच ना?”

“मग माणसांवर लावून दे.”

“मला काय माहीत कसं लावतात? मी माणसं कधी काढलीच नाहीत. सगळं या पुस्तकात आहे.” त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीतून उशीएवढी पुस्तिका काढली. “बोल. किल्ली का कॅमेरा?”

सालोंगोंनी वही काढली.

“अरे देवा,” काटेंडे म्हणाला.

एका हातात किल्ली, गळ्यात कॅमेरा, मांडीवर वही. सूर्य पाण्याला टेकला तरी पेन्सिल हलेना. शेवटी नालोंगोंनी वही ओढून घेतली. आजवर त्यांनी ती उघडलेली नव्हती. डावी बाजू वाचली. उजवी वाचली.

“मी दोनदा का?”

सालोंगो दलदलीकडे बघायला लागले.

नालोंगोंनी पेन्सिल घेतली. उजवीकडचं एक ‘नालोंगो’ खोडलं आणि डावीकडे लिहिलं. “एक इकडे, एक तिकडे. आता झालं बरोबर. मुलुम्बांच्या अजून चार मुली आहेत. म्हणजे चार वेळा गाडी येणार. मोटारसायकल काय चाटायचीय?”

“पण बुल्वे? अपशकुन?”

“आत्याचा नवरा पकडून दिला या कॅमेऱ्यानं. अपशकुनी असेल तर नवऱ्यांना.”

सालोंगोंनी किल्ली दिली. आम्ही चालत परतलो. नालोंगोंच्या डोक्यावर पुस्तिका होती.

आज शुक्रवार. स्टुडिओच्या भिंतीवर जांभई देणारा कोंबडा लावलाय. त्याच्या सात प्रती गेल्या. एक आत्यानं नेली, नवऱ्याच्या पलंगासमोर लावायला. सालोंगो सोमवारपासून पुस्तिका वाचतायत. चष्मा लावून, गिऱ्हाइकांसमोर. मुखपृष्ठापासून, ओळीनं. बॅटरीचं प्रकरण झालं. पट्टा कसा लावायचा तेही.

“माणसांवर कसं लावायचं, ते पान मी शोधून देऊ का?” मी काल विचारलं.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “कादंबरीचा शेवट आधी वाचतेस का तू?”



उद्या सकाळी नऊला गाडी येणार आहे. मघाशी ते जेवायला गेले तेव्हा मी पुस्तिका उघडून पाहिली. एकशे अठ्ठ्याऐंशीव्या पानावर खुणेला अंड्याचं टरफल आहे. तिथं पक्षी संपतात. माणसं तीनशे दोनवर सुरू होतात.