आत ठेवलेलं कापड

अहमदपूरच्या बसस्टँडमागे एक शिंपी बसतात. वीस वर्षं जातोय, पण नाव कधी विचारलं नाही. सगळे त्यांना मामा म्हणतात. नवं सुती कापड नेलं की ते आधी बादलीत बुडवतात. कितीही घाई सांगा, ऐकत नाहीत. "आधी आटू द्या. अंगावर आटलं तर मलाच शिव्या देताल."

टेप दिसली की माणूस पोट आत ओढतो, हे त्यांना पक्कं ठाऊक. म्हणून ते आधी सोयाबीनचा भाव विचारतात. सांगता सांगता पोट सुटतं, तेवढ्यात मामांचं माप होऊन जातं.

वडील गेले त्या वर्षी त्यांचा खादीचा सदरा मी मामांकडे नेला. मामांनीच शिवलेला. मला फार ढगळ होत होता. "जास्तीचं कापून टाका," मी म्हणालो.

चार दिवसांनी सदरा बेतात बसला. झिजलेली कॉलर त्यांनी उलटवून नव्यासारखी केली होती. पण बगलेखालची शिवण जाड लागत होती. जास्तीचं कापड सगळं आतच होतं.

"कापलं नाही?"

"न्हाई. हातचं सूत हाय, लई टिकतंय. तुमी बी वडलावानी भराल."

तेव्हा मला ते जरा लागलं होतं. परवा तोच सदरा घेऊन पुन्हा गेलो. मामांनी काही न विचारता शिवण उसवली. आतल्या कापडावर वडिलांच्या मापाच्या जुन्या शिवणीची रेघ अजून दिसत होती. त्यांनी टेप घेतलीच नाही; त्या रेघेवरूनच मशीन चालवलं.