निंगुताचं कच्चं मडकं

"ऐकलेली गोष्ट आपली होत नाही, पोरी, ती कुणीतरी हातात द्यावी लागते," मुयुरु आत्या एकदा म्हणाली होती. तेव्हा आम्ही हसलो होतो.

आत्या गुरांच्या तळावर वाढली. तरुणपणी तिने लोकर कातली, मग कापडं रंगवली. आमच्या वस्तीत मातीकामाची शेड उभी राहिली तोवर तिचे केस पिकले होते, तरी मातीत हात घालायला तीच पहिली. पुढे वाळवंटातल्या आम्हा सगळ्या आनंगू आदिवासी बायकांना तिनेच शिकवलं : मडक्यावर पातळ काळ्या मातीचा हात द्यायचा, तो सुकत आला की खिळ्याने चित्र कोरायचं, बाजारात उभं राहील असं काम करायचं. भट्टी लावण्याआधी ती प्रत्येक मडक्यापुढे थांबायची. "कुणाची गोष्ट?" एवढंच विचारायची.

त्या दिवशी अ‍ॅडलेडहून गॅलरीवाला डंकन आला होता. भट्टीत जायची वाळलेली मडकी फळीवर मांडलेली, त्यांतून तो प्रदर्शनासाठी निवडत होता. निंगुताच्या मडक्यापाशी तो थबकला. निंगुता आत्याची भाची. तिचं एकही मडकं आजवर वस्तीबाहेर गेलं नव्हतं.

"हे सगळ्यांत पुढे ठेवू," डंकन म्हणाला. "कशाबद्दल आहे?"

निंगुताने आत्याकडे पाहिलं. आत्या वाकली. मडक्यावर कोरलेलं सापाचं वळण, पाणवठा, काठाला बसलेल्या दोघी बहिणी.

"कुणाची गोष्ट?"

"आजोबा सांगायचे. शेकोटीपाशी. तूही ऐकलीयस की."

"तो पाणवठा कुंजिलच्या घराण्याचा, गोष्टही त्यांचीच. विचारलंस तिला?"

"ती पलीकडच्या वस्तीत सुतकात बसलीय. कसं विचारू?"

"मग थांबायचं होतं."

"आत्या, नुसती पानाफुलांची नक्षी आहे म्हण ना! शहरात कुणाला कळतंय?"

"कुंजिलला कळेल. काठी घेऊन माझ्या दारात उभी राहील. तिला काय सांगू, पानाफुलांची नक्षी?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. डंकनने हात मागे घेतला.

"निदान ठेवून तरी देऊ," निंगुता म्हणाली. "सुतक फिटलं की विचारीन."

"ठेवलेलं कुणीतरी भट्टीत सरकवतं. भाजलेलं पुसता येत नाही."

आत्याने पाण्याची बादली आणून तिच्यापुढे ठेवली. मडक्याला बोटही लावलं नाही.

"तुझं आहे. तूच कर."

बाहेर कुत्री भांडत होती. हाकलायला कुणी उठलं नाही. निंगुताने मडकं उचललं, पोटाशी धरलं. मग वाकून पाण्यात सोडलं. बुडबुडे आले. रेघा क्षणभर टिकल्या, मग एक बाजू खचली, साप गेला, बहिणी गेल्या.

गाळ होईपर्यंत आत्या बघत राहिली. निंगुताने मान वर केली नाही. आत्याने स्कर्टला हात पुसले, दार ढकललं आणि बाहेर निघून गेली.