विष कुठे पकडायचं

वत्सला गेल्याचा फोन तिच्या गावाहून, दिघाशीहून आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये पेपर तपासत होते. हृदयविकार, म्हणाले. खिडकीबाहेर कापडाच्या लूमचा खडखडाट चालू होता, तो ऐकत किती वेळ बसले कोण जाणे... पाच आठवडे झाले, तरी दुपारी ती पदराने घाम टिपत दारातून येईल असं वाटत राहतं.

ऐंशीच्या दशकात आम्ही भिवंडीच्या कॉलेजात एकाच वर्षी शिकवायला लागलो. मी मराठीला, ती रसायनशास्त्राला. ती लहान असताना, भात कापताना नाग चावून तिचे वडील गेले होते. त्या विषातल्या एका प्रथिनाची साखळी तिने वहीत साठ-एक अक्षरांत उतरवली होती, एकेका अमिनो आम्लाला एक अक्षर. प्रत्येक अक्षराला पाणी किती आवडतं याचा एक आकडा असे. सहा-सहा आकड्यांची सरासरी काढून ती आलेखकागदावर ठिपके मांडी. जिथे उंचवटा, तो भाग बाहेरच्या बाजूला; शरीरातलं प्रतिपिंड विषाला तिथेच धरत असणार... पुढे एका कॉम्प्युटर क्लासने तिला दुपारचं मशीन वापरू दिलं. वीज गेली की तिचा सगळा प्रोग्राम पुसला जाई. ती शांतपणे पुन्हा पहिल्यापासून टाइप करी.

“याने वडील थोडेच परत येणार?” मी एकदा वेड्यासारखं विचारलं.

“न्हाय गं. पण ते कशाने गेले, ते मला आतून बघायचंय.”

मुंबईच्या एका प्रयोगशाळेने तिने सांगितलेला साखळीचा तुकडा बनवून पाहिला. प्रतिपिंड त्याला शिवलंसुद्धा नाही. तसं कळवणारं पत्र ती कितीतरी दिवस पर्समध्ये घेऊन फिरली. मग एका दुपारी तिने तो आलेख लांब पट्टीसारखा कापला आणि माझ्यासमोर दुमडत गेली. एकमेकांपासून लांब असलेले दोन ठिपके अलगद शेजारी आले.

“नलू, मी सरळ रेषेत शोधत होते. साखळी तर गुंडाळलेली असते! लांबचे दोन भाग जवळ येतात, तेव्हा धरायची जागा तयार होते.”

दोन वर्षं तिने प्रोग्राम नव्याने लिहिला. प्रयोगशाळेने तिने दाखवलेल्या जागेवरची अक्षरं बदलून पाहिली, आणि प्रतिपिंडाची पकड सुटली. “जागा सापडली गं,” एवढंच म्हणाली, आणि रडली. त्यातून औषध वगैरे काही निघालं नाही. एका परदेशी नियतकालिकात दोन पानं छापून आली, बस.

ती पानं घेऊन गेल्या आठवड्यात दिघाशीला गेले. तिची आई ओटीवर बसली होती. “मना वाचता येत न्हाय. तिचं नाव कुठं हाय?” मी तिचं बोट धरून ‘व्ही. के. भोईर’वर ठेवलं. मग तिने हळूच विचारलं, “आनि ह्यांचं?”

नवऱ्याचं नाव तिने जन्मात कधी घेतलं नव्हतं. वत्सलाच्या वडिलांच्या नावाचा, काथोडचा ‘के’ मधे होता. मी तिचं बोट त्यावर सरकवलं. तिने ते उचललं नाही. पानं मी तिथेच ठेवून आले.